नेपाळच्या रानात ढाले कटुस कसा ओळखावा

सह्याद्री कितीही पालथा घातला असला तरी ओक-बीचच्या कुळातलं रानझाड तुम्हाला तिथे भेटलेलं नसणार. पश्चिम घाटात हे कूळ निसर्गतः नाहीच. नेपाळच्या मधल्या डोंगरांत मात्र, साधारण १००० ते २००० मीटर उंचीवर, कटुस आणि चिलाउने या दोन झाडांच्या जोडीची जंगलं आहेत. कटुस याच ओक-बीचच्या कुळातला, आणि ढाले कटुस ही त्याची एक जात. पोखऱ्याला गेलात तर फेवा तालाच्या दक्षिणेचं राणीबन सोयीचं पडतं.

आधी वर नाही, खाली बघा. झाड उंच असतं, पानं हाताला लागत नाहीत. पुरावा पायाखाली पडलेला असतो. दसऱ्याच्या सुमारास गेलात तर उत्तम. कटुसाचं फळ काटेरी कवचात असतं. धोत्र्याचं बोंड आठवा, पण काटे त्याहून कितीतरी दाट आणि बारीक, इतके की खालचं कवच दिसतच नाही. उघड्या हाताने उचलू नका, बुटाने उलगडा. आत तपकिरी कवचाचं बी मिळेल. लाकडासारखं टणक, गोल आणि बिनकाट्यांचं बोंड दिसलं तर ते चिलाउनेचं. त्याच्या सालीने अंगाला खाज सुटते, तेव्हा खोडाला टेकून बसण्याआधी खात्री करा.

मग पान उचला. ढाले कटुसाचं पान मोठं, कडेला करवती दाते असलेलं. मधल्या शिरेपासून निघालेल्या उपशिरा समांतर जातात आणि एकेका दात्यात संपतात. पान अरुंद आणि कडा बहुतांशी सपाट असेल तर तो बहुधा मुसुरे कटुस, याच वंशातला भाऊबंद. नुसत्या पानावरून निकाल देऊ नये असं माझं मत. कवच मिळेपर्यंत थांबावं. वाटेत गावकरी भेटले तर ‘कटुस’ एवढं विचारलंत तरी काम होतं.

बी कच्चं किंवा भाजून खातात. भाजण्याआधी टोकाला चीर द्या, नाहीतर फुटून उडेल. बारीक भोक असलेलं बी टाकून द्या, आत अळी असते.

रोप करायचा मोह झाला तरी बी खिशात घालून घरी आणू नका: परदेशातून लागवडीचं बियाणं आणायला परवाना लागतो. शिवाय हे बी वाळलं की उगवत नाही. तिथे राहणाऱ्या कुणाला रोपं करायची असतील तर बी पाण्यात टाकून तरंगणारी काढावीत आणि बुडालेली लगेच सावलीतल्या ओलसर मातीत लावावीत.