फुग्यावरून प्रयोग पाठवताना या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या गटांबरोबर मी वैज्ञानिक फुग्यांच्या उड्डाणांची तयारी करतो, आणि प्रत्येक नवा गट जवळजवळ त्याच चुका त्याच क्रमाने करतो. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फुग्याखाली टांगायच्या, प्रयोग असलेल्या पूर्ण पेटीची पूर्ण वेळ चाचणी न घेणे. सेन्सर वेगळा तपासतात, कोड लॅपटॉपच्या विजेवर चालवून पाहतात, झाकण उघडेच असते आणि दहा मिनिटांत सगळे ठीक असल्याचे जाहीर होते.

अशाच एका उड्डाणाच्या दिवशी आम्ही पहाटे पेटी सुरू करून झाकण चिकटपट्टीने बंद केले. मग जमिनीलगतचा वारा वाढला आणि फुगा भरण्यासाठी दोन तास थांबावे लागले. पेटी तेवढा वेळ चालूच राहिली, कारण बंद करण्याचे बटण आत होते आणि चिकटपट्टी पुन्हा सोडवण्याची कोणाचीच तयारी नव्हती. बॅटरीचा हिशेब साडेतीन तासांचा होता आणि तोही खोलीच्या तापमानातला. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर माना टाकतात; फुगा चढत असतानाच प्रयोग बंद पडला. ठिकाण कळवणाऱ्या ट्रान्समीटरची बॅटरी वेगळी असल्यामुळे पेटी सापडली, पण मेमरी कार्डावरची फाइल शून्य आकाराची निघाली, कारण ती उड्डाणभर उघडी ठेवून जमिनीवर उतरल्यावरच बंद करावी, असे कोडमध्ये लिहिले होते. चार महिन्यांच्या कामातून एकही आकडा हाती लागला नाही, आणि त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

तेव्हापासून बटण पेटीच्या बाहेर असते, फाइल दर मिनिटाला बंद होऊन नवी उघडते, आणि उणे 40 अंशांपर्यंत चालणारे, पुन्हा चार्ज न होणारे लिथियम सेलच मी वापरू देतो. बंद पेटी कोरड्या बर्फाशेजारी (म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडशेजारी), हवेशीर जागी, अपेक्षित उड्डाणाच्या दुप्पट वेळ चालवल्याशिवाय मी होकार देत नाही. सेकंदाला 5 मीटर या वेगाने 30 किलोमीटर गाठायला 100 मिनिटे लागतात. उतरणे आणि शोध त्यापुढचे. ही चाचणी कंटाळवाणी आहे, पण ज्याला एवढा धीर नाही त्याने उड्डाणाची तारीख ठरवण्याची घाई करू नये.

दुसरी चूक जीपीएसची. अनेक रिसीव्हर 18 किलोमीटरच्या वर स्थान देणे थांबवतात, आणि काही मॉड्यूल मुळातल्या सेटिंगवर 12 किलोमीटरनंतरच अडखळतात. त्यांना विमान-फुग्यांसाठीच्या मोडमध्ये टाकावे लागते. तो मोड एकदा निवडून विसरून जाऊ नये, कारण क्षणभर वीज तुटली तर मॉड्यूल जुन्या सेटिंगवर परतू शकते. कोडने तो आदेश प्रत्येक वेळी सुरू होताना आणि पुढे ठरावीक अंतराने पाठवावा, आणि उत्तर वाचून खात्री करावी.

हेलियम सिलिंडरच्या काट्यावरून मोजू नका. फुग्याच्या मानेला पेटी, पॅराशूट आणि वर चढण्यासाठी हवी तेवढी जादा उचल यांच्या बेरजेइतके वजन टांगा आणि ते जेमतेम उचलले जाईपर्यंत भरा. जास्त भरलेला फुगा वेगाने चढून लवकर फुटतो, कमी भरलेला रेंगाळत फार दूर वाहत जातो. रबराला उघड्या हातांनी स्पर्श करू नका. तापमानाचा सेन्सर पेटीला चिकटवू नका, नाहीतर तो पेटीचेच तापमान सांगेल. वर सगळे थंडच पडेल असेही धरू नका: 30 किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे एक टक्का उरतो, त्यामुळे ट्रान्समीटरची उष्णता वाहून न्यायला पुरेशी हवाच नसते आणि तो तापतो.

आदल्या रात्री कोडमध्ये केलेली ‘छोटीशी सुधारणा’ मी आता मान्यच करत नाही. उड्डाणाच्या तीन दिवस आधी मेमरी कार्ड पेटीत बसते, आणि त्यानंतर एका ओळीचाही बदल झाला तर पूर्ण वेळेची चाचणी पुन्हा पहिल्यापासून होते.