दिवाळीच्या सुट्टीत विक्रीकौशल्याची पुस्तकं वाचताय? या चुका टाळा

बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांच्या लाइनमध्ये उन्हाळ्याची सुट्टी नसतेच. मार्चमध्ये वसुली, मे महिन्यात दुकानोदुकानी बियाणं पोचवणं, जूनपासून पेरणी आणि मग फवारणीचा हंगाम. उरते ती दिवाळी. यवतमाळ-वाशीमकडची कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी असलेली पोरं त्या आठवड्यात हौसेनं पुस्तक घेतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण चुका दरवर्षी त्याच होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ऑर्डर ‘काढायच्या’ युक्त्यांचं पुस्तक घेणं आणि सुट्टी संपताच ते कृषी केंद्रावर, म्हणजे बियाणं-औषधांच्या दुकानात, चालवणं. एका तालुक्याच्या गावी एका नव्या प्रतिनिधीनं हेच केलं. ‘आज बुक केलं तरच स्कीम, उद्या बंद’ म्हणत दुकानदाराच्या गळ्यात कपाशीची दोनशे पाकिटं मारली. दुकानदार एवढंच म्हणाला, “भाऊ, माल ठेवून जा, पण पैसे पऱ्हाटी (कपाशी) निंगाल्यावर.” पेरणी संपली तेव्हा निम्म्याहून जास्त पाकिटं रॅकवरच होती. माल परत गेला, भाडं अंगावर आलं, आणि पुढच्या हंगामात त्या कंपनीचं पाकीट काउंटरवरून थेट मागच्या खोलीत गेलं.

हे का होतं, ते नील रॅकहॅम यांच्या ‘स्पिन सेलिंग’मध्ये (१९८८) सापडतं. सुमारे ३५,००० विक्रीभेटींच्या अभ्यासावर उभं असलेलं हे पुस्तक सांगतं, की दबावाच्या युक्त्या छोट्या, एकदाच्या खरेदीत चालतात. रक्कम मोठी झाली की उलटतात. कृषी केंद्राची ऑर्डर मोठी असते, उधारीवर असते आणि त्याच माणसाकडे दर पंधरवड्याला जायचं असतं. म्हणून सुट्टीत पहिलं हे पुस्तक घ्या. त्यात प्रश्नांचे चार प्रकार आहेत: सध्याची परिस्थिती, अडचण, त्या अडचणीचे परिणाम आणि उपायाचा फायदा. आपल्या रूटवरच्या दहा दुकानदारांची नावं वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे तिसऱ्या प्रकारचा एक प्रश्न मांडा. उदाहरणार्थ, ‘मागच्या वर्षी उरलेल्या मालात किती पैसा अडकला, आणि त्यापायी कोणता माल भरता आला नाही?’ दहा प्रश्न लिहायला दोन दुपारी लागतात. लागू द्या.

माणसाला ‘हो’ म्हणायला लावणाऱ्या तंत्रांवरचं रॉबर्ट चाल्डिनी यांचं ‘इन्फ्लुएन्स’ (१९८४) अर्धवट वाचणं ही दुसरी चूक. टंचाई, देवाणघेवाण, ‘शेजाऱ्यानंही घेतलं’ एवढं उचलतात, आणि या दबावापासून ग्राहकानं स्वतःला कसं वाचवावं हा भाग सोडून देतात. आधी तोच वाचा. चार हंगाम पाहिलेला शेतकरी हे सगळं न वाचताच ओळखतो.

दहा मिनिटांच्या सारांशाच्या व्हिडिओला वाचन म्हणू नका.

इंग्रजी जड जात असेल तर मराठी अनुवाद शोधा. त्यात कमीपणा काहीच नाही.

पाच पुस्तकं बॅगेत भरू नका.

आता सगळेच टाळतात ते वाचन: आपल्याच मालाचं लेबल आणि माहितीपत्रक. समजा, लेबलवर हेक्टरी ५०० मिली औषध आणि ५०० लिटर पाणी आहे. म्हणजे एकरी साधारण २०० मिली आणि २०० लिटर. १५ लिटरच्या पंपाला १५ मिली, आणि एकराला तेरा-साडेतेरा पंप. शेतकरी आठच पंप मारतो, म्हणजे रानात १२० मिलीच पडतं. मग ‘तुमचं औषध लागत नाही’ ही तक्रार येते आणि प्रतिनिधी दुसरं, जास्त जहाल औषध सुचवून मोकळा होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्यानंतर तरी हा आळस चालू नये. डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, विषबाधा झाल्यास काय करायचं, कोणत्या पिकासाठी शिफारस आहे, हे आपल्या प्रत्येक मालाचं पाठ हवं. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. सोबत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘कृषी संवादिनी’ ही पीकमाहितीची पुस्तिका ठेवा आणि कपाशी, सोयाबीन, तूर ही तीन पिकं पेन्सिल घेऊन वाचा.

वेळ उरलाच तर जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) काढा. शेतकरी कर्जात कसा बुडतो, हे समजून घेतल्याशिवाय ज्याला उधारी मागायची त्याच्या दारात उभं राहू नये.