शहराच्या रंगाची शाई पेनात भरताय? आधी या चुका टाळा

जपानमधल्या कोबे शहरात नागासावा नावाचं स्टेशनरीचं जुनं दुकान आहे, 1882 पासूनचं. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे या भागात मोठा भूकंप झाला आणि सहा हजारांवर माणसं गेली. त्या काळात ज्यांनी मदतीचा हात दिला त्यांना आभाराची पत्रं लिहावीत आणि ती कोबेच्याच रंगात लिहावीत, अशी कल्पना दुकानातल्या नाओयुकी ताकेउची यांना सुचली. त्यातून 2007 मध्ये फाउंटन पेनची शाई आली. शहराच्या पाठीशी उभ्या असलेल्या रोक्को डोंगराचा हिरवा, बंदराच्या धक्क्यावरचा निळा आणि जुन्या परदेशी वसाहतीतल्या इमारतींचा सेपिया, म्हणजे जुन्या फोटोंसारखा तपकिरी, असे हे सुरुवातीचे रंग. शाई सेलर या जपानी पेन कंपनीकडून बनवून घेतलेली. आज ‘कोबे इंक मोनोगातारी’ या मालिकेत सत्तरहून जास्त रंग आहेत. आरिमाच्या गरम झऱ्याचा अंबर, म्हणजे पिवळसर तपकिरी, आहे, नानकिनमाची या चिनी बाजाराचा लाल आहे, सुमा या भागाचा जांभळा आहे. मग जपानभरच्या दुकानांनी आपापल्या गावाच्या शाया काढल्या.

कोबेच्या बंदराशी आपलंही जुनं नातं आहे. 1893 मध्ये टाटा आणि निप्पॉन युसेन काइशा ही जपानी बोट कंपनी यांनी मिळून मुंबई ते कोबे बोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः आपल्याकडचा कापूस नेण्यासाठी. त्यामुळे ‘हातोबा ब्लू’, म्हणजे धक्क्याचा निळा, पेनात भरताना मला मुंबईचं बंदरही आठवतं.

या बाटल्या आता आपल्याकडच्या शाईप्रेमींच्या टेबलावरही दिसतात. कुणी जपानहून येताना आणतं, कुणी ऑनलाइन मागवतं. मग तक्रारी सुरू होतात. रंग फोटोतल्यासारखा नाही, शाई फुटते, पेन बंद पडलं. माझं ठाम मत आहे की यातल्या दहापैकी नऊ तक्रारींत शाईचा दोष नसतो. तो कागदाचा, निबचा किंवा आपल्या सवयीचा असतो.

नाव आणि फोटो बघून रंग ठरवणं

‘रोक्को ग्रीन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातला सह्याद्री येतो आणि आपण पोपटी हिरव्याची वाट बघत बसतो. प्रत्यक्षात तो गडद, काळपटाकडे झुकणारा हिरवा आहे, दुरून दिसणाऱ्या दाट झाडीचा. मोबाइलच्या पडद्यावर सगळे रंग जास्त उजळ दिसतात. त्यातून फोटोतला नमुना बहुतेक वेळा काचेच्या पेनाने किंवा कापसाच्या काडीने भरपूर शाई ओतून काढलेला असतो. तुमच्या बारीक निबमधून त्या शाईचा जेमतेम चौथा हिस्सा कागदावर येत असेल. रंग फिका दिसणारच.

म्हणून नमुना बघायचा तो लिहिलेल्या ओळीचा, आणि शक्यतो तुमच्यासारख्याच निबने लिहिलेला. स्वतः तपासताना ओळ पूर्ण सुकू द्या. ओली आणि वाळलेली शाई यांत चांगलाच फरक पडतो. शिवाय ती खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली राखाडी आणि सेपिया ओळखू येणार नाहीत इतके जवळ येतात.

कुणाकडे पाच मिलिलिटरची नमुन्याची कुपी मिळत असेल तर आधी तीच घ्या. 50 मिलिलिटरची बाटली म्हणजे रोज दोन-तीन पानं लिहिणाऱ्यालाही महिनोन् महिने पुरणारा ऐवज आहे.

कागदाला शाईपेक्षा कमी मान देणं

सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

एकच पेन, एकच शाई. आधी साध्या झेरॉक्सच्या कागदावर लिहा. अक्षराची कड जवळून बघितली तर तिला बारीक केसांसारखे फाटे फुटलेले दिसतील. शाई तंतूंमधून आडवी पळालेली असते. पान उलटा, मागे प्रत्येक पूर्णविराम ठिपक्यासारखा उमटलेला असतो. रंग एकसुरी, मातकट. आता तीच ओळ तोमोए रिव्हरसारख्या गुळगुळीत, कमी शोषणाऱ्या कागदावर लिहा. कड सुरीने कापल्यासारखी येते. वळणाच्या शेवटी, जिथे हात क्षणभर थांबतो, तिथे रंग साचून गडद होतो आणि मधल्या दांडीत उजळ राहतो. गाढ निळ्या शायांवर तर पान तिरकं धरल्यावर तांबूस चमक दिसते. शाई सावकाश वाळली की रंगद्रव्याचा थर वरच राहतो, त्याची ही चमक. कागदाने शाई लगेच पिऊन टाकली तर वर काही उरतच नाही, मग चमक कुठून दिसणार?

याची दुसरी बाजूही आहे. असा कागद वाळायला वेळ घेतो. ओळ लिहून लगेच वही मिटली की समोरच्या पानावर आरशातलं अक्षर उमटलंच. पूर्वी प्रत्येक टेबलावर टीपकागद असायचा, तो परत आणा. टीपकागद हलकेच टेकवायचा, घासायचा नाही.

आणखी एक घोळ बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पानाच्या खालच्या तिसऱ्या भागात शाई मध्येच तुटते, अक्षर अर्धवट उठतं, आणि आपण पेनावर चिडतो. कारण बहुधा तळहात असतो. लिहिताना हात त्या जागेवर घासत आलेला असतो, त्वचेचं तेल कागदावर बसलेलं असतं आणि पाण्यावर बनलेली शाई तिथे धरत नाही. हाताखाली कागदाचा एक तुकडा ठेवा, खोड लगेच जाते. उन्हाळ्यात घामेजल्या हातांनी लिहिताना हे हटकून होतं.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत उलटं दुखणं. उघड्यावर राहिलेल्या वह्या दमट होतात आणि एरवी चांगल्या कागदावरही शाई फुटायला लागते. वही प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद कपाटात ठेवा. पेन बदलून काही उपयोग नाही.

निब आणि शाईची जोडी न जुळवणं

जपानी एफ (फाइन, म्हणजे बारीक) निब साधारणपणे युरोपीय एफपेक्षा एक पायरी बारीक असते. अशा निबमध्ये फिका राखाडी किंवा जर्दाळूसारखा हलका रंग भरला की तो वाचताना डोळे ताणावे लागतात. हलक्या रंगांना रुंद, मोकळी वाहणारी निब द्या. गडद, दाट शाया बारीक निबला. एवढं एक सूत्र पाळलं तरी निम्म्या बाटल्या कपाटाच्या मागच्या रांगेतून पुढे येतील.

आपल्याकडच्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, ड्रॉपरने भरायच्या पेनांचा विषय वेगळा. त्यांच्या नळीत शाई भरपूर मावते. ती बरीच खाली आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबमधून थेंब टपकतो. पेन खराब झालेलं नसतं. शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की पुन्हा भरा आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. लिहिता लिहिता थांबणार असाल तर निब वर करून ठेवा.

धुतल्याशिवाय दुसरा रंग

परवापर्यंत रॉयल ब्लू होती, आज त्यावरच सेपिया भरली. पहिली दोन पानं भलत्याच रंगात येतात आणि दोष मात्र नव्या शाईला. निबखालच्या जिभेच्या खाचांत जुनी शाई बराच काळ टिकते. शाई बदलताना पेन साध्या, थंड पाण्याने धुवा. कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी छोटी नळी) असेल तर ग्लासातलं पाणी ओढा, सोडा, पुन्हा ओढा. पाणी स्वच्छ दिसायला लागलं की थांबायचं नाही. निब टिश्यूवर उभी टेकवा आणि तशीच ठेवून द्या. टिश्यूवर अजून रंगाचं वर्तुळ पसरत असेल तर शाई आत आहे. लाल आणि जांभळे रंग सगळ्यात चिवट. त्यांच्यासाठी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाला आणि नंतर साध्या पाण्याने पुन्हा धुवा.

गरम पाणी नको, त्याने एबोनाइटचा रंग उडतो. स्पिरिट आणि सॅनिटायझर तर अजिबात नको, अ‍ॅक्रिलिकला त्याने तडे जातात.

धुतल्यावर पेन रात्रभर सुकू द्या. ओल्या जिभेत भरलेली शाई पहिल्या दिवशी पाणचट दिसते आणि पुन्हा तीच तक्रार ऐकू येते.

बाटलीवर काय लिहिलंय तेही वाचा. शहरांच्या शाया बहुतेक साध्या, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. काही मात्र पिगमेंटच्या, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक कणांच्या, किंवा चकाकी घातलेल्या असतात. त्या पेनात वाळल्या तर निघता निघत नाहीत. त्या भरल्या तर रोज लिहा, आणि आठवड्याभरासाठी गावाला जाताना पेन रिकामं करून जा.

आटलेल्या बाटलीत नळाचं पाणी

आपल्या उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, पेनातली शाई आटून घट्ट होते आणि पेन अडखळायला लागतं. तेव्हा पेनातली शाई काढून टाका, पेन धुवा आणि नव्याने भरा. बाटलीतलीच शाई घट्ट झाली असेल तर डिस्टिल्ड वॉटरचे काही थेंब घाला. बॅटरीसाठी मिळतं ते चालेल, फक्त लेबलवर ‘डिस्टिल्ड’ किंवा ‘डीमिनरलाइज्ड’ लिहिलंय याची खात्री करा. अ‍ॅसिडच्या बाटलीशी गल्लत नको. नळाच्या पाण्याने बाटलीत बुरशी येऊ शकते.

बाटली उघडल्यावर कुबट वास आला, पृष्ठभागावर साय दिसली किंवा तळाशी शेवाळासारखे धागे तरंगले, तर रंग कितीही आवडता असो, ती शाई फेकून द्या. गाळून वाचवायला जाऊ नका. त्या बाटलीतून भरलेली पेनंही धुवून काढा, नाहीतर पुढच्या बाटलीलाही तीच लागण होते. पेनात उरलेली शाई परत बाटलीत ओतायची सवय मोडा. बाटली खोक्यात, अंधारात ठेवा. खिडकीत मांडलेल्या रंगीत बाटल्या फार सुंदर दिसतात हे खरं, पण उन्हाने त्यातला रंग विटतो.

आपल्या शहराचा रंग घाईने मिसळणं

ही हौस मला मनापासून आवडते. शाई बनवण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. दांडेकरांच्या कॅमलिनची सुरुवात 1931 मध्ये शाईच्या पुडीपासूनच झाली. गेट वेच्या पिवळसर बेसॉल्टचा, घाटातल्या काळ्या कातळाचा रंग कुणीतरी मनापासून जमवायला हवा. फक्त थोडा धीर धरा. एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या साध्या शाया घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शायांची आम्लता जुळली नाही तर गाळ बसू शकतो. आयर्न गॉल, म्हणजे लोहक्षार असलेली जुन्या पद्धतीची शाई मिश्रणात घालूच नका. फिका रंग आधी घ्या, गडद थेंबाथेंबाने वाढवा. सुईची सिरिंज वापरा आणि प्रत्येक थेंब वहीत मांडा, नाहीतर जमलेला रंग पुन्हा कधीच जमणार नाही. मिश्रण काचेच्या कुपीत आठवडाभर ठेवा. तळाशी काही बसलं नाही तरच पेनात, आणि तेही आधी स्वस्त पेनात.

गेट वेचा दगड तसाच्या तसा आणायला गेलात तर पिवळी शाई वाचताच येणार नाही. तपकिरी मूळ धरा आणि त्यात पिवळा घाला. सावलीतला दगड बघा, तो बराच तपकिरी असतो. कोबेचे रंगही असेच लिहिता येतील इतके गडद केलेले आहेत.

दोन किरकोळ गोष्टी

चेक, अर्ज, करारनामा यांवर अशी शाई वापरू नका. पाण्याचा एक थेंब पडला तरी अक्षर वाहून जातं. पाकिटावरचा पत्ताही टिकाऊ काळ्या शाईत घाला, आत मनासारखा रंग असू दे. पोस्टमन भर पावसातही पत्रं वाटतो.

जपानहून बाटली आणताना झाकणाभोवती क्लिंग फिल्म गुंडाळा, मग झिपच्या पिशवीत घाला. 50 मिलिलिटरची बाटली केबिन बॅगेत चालते. पेन मात्र विमानात पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं ठेवा, निब वर करून. अर्धं भरलेलं पेन विमान वर जाताना गळतं आणि तो डाग शर्टावरून सहजासहजी जात नाही.