गेम मास्टरहो, या चुका टाळा: फासा कधी टाकावा आणि कधी टाकू नये

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम चालवायला नव्याने बसणाऱ्यांच्या हातून होणाऱ्या चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या खेळाचा गाभा फारसा बदललेला नाही. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, परिस्थिती मांडतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तेव्हा फासा टाकला जातो. यातला ‘अनिश्चित असेल तेव्हा’ हा भाग घाईत वाचून सोडून दिला जातो आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जिच्याशिवाय कथा पुढे सरकूच शकत नाही, अशी गोष्ट फाशावर सोपवणे. ही चूक मी स्वतः केली आहे. एका खुनाच्या रहस्यात मृत सरदाराच्या अभ्यासिकेत, पुस्तकांच्या कपाटामागे भुयाराचे दार होते आणि मी तयार केलेले पुढचे सगळे त्या भुयारापलीकडे होते. दार सापडण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा त्याहून मोठे दान पडायला हवे, असे मी ठरवले होते; खेळाडू चार आहेत, एकाला तरी सापडेलच, असा माझा अंदाज होता. दाने पडली ४, ११, ९ आणि १३. पुढचा तासभर चौघे त्या खोलीत अडकून राहिले. एकाने गालिचा उलटून पाहिला, दुसरीने शेकोटीतली राख चाळली, तिसऱ्याने माळ्याला बोलावून तेच प्रश्न पुन्हा विचारले. शेवटी मी एका म्हाताऱ्या नोकराला आत आणले आणि त्याच्या हातून दार उघडवले. त्यावर कोणी काही बोलले नाही, पण त्या रात्री नंतर कोणी मनापासून काही शोधलेही नाही, कारण आपण शोधले नाही तरी दार उघडते, हे सगळ्यांना कळून चुकले होते.

हिशेब आधीच करायला हवा होता. एकाच्या हातून दार निसटण्याची शक्यता ७० टक्के होती, म्हणजे चौघांच्याही हातून ते निसटण्याची शक्यता सुमारे २४ टक्के. तेव्हापासून आवश्यक धागा मी फासा न टाकताच देतो. कपाट तपासणाऱ्याला दार सापडतेच. ते उघडताना झालेली करकर खालच्या पहारेकऱ्याने ऐकली का, एवढेच फासा ठरवतो. शिवाय तयारी करताना प्रत्येक फाशासमोर समासात ‘चुकले तर?’ असे लिहितो आणि उत्तर ‘काहीच घडत नाही’ असे आले, की तो फासा खोडून टाकतो.

हीच चूक उलट्या बाजूनेही होते. समजा, पहारा चुकवून वाड्यात शिरायचे आहे. गेम मास्टर आधी कुंपणापाशी फासा टाकायला लावतो, मग अंगणात, मग जिन्यावर, मग दाराशी. दर वेळी यशाची शक्यता ७० टक्के असली, तरी चारही वेळा निभावून जाण्याची शक्यता पुन्हा २४ टक्केच उरते. जे पात्र लपण्यात तरबेज आहे असे कागदावर लिहिले आहे, ते चारपैकी तीन वेळा पकडले जाते आणि खेळाडू मात्र आपल्या नशिबाला दोष देत बसतो. एका हेतूसाठी एकच फासा टाकावा आणि त्याचा निकाल परिस्थिती मुळापासून बदलेपर्यंत कायम मानावा. सगळी टोळी एकत्र लपत असेल, तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला नियम मला चांगला वाटतो: निम्मे किंवा त्याहून अधिक जण यशस्वी झाले, तर सगळी टोळी यशस्वी.

पडद्याआड दान बदलणे हा मला मुळीच मान्य नसलेला आडमार्ग आहे. निकाल नको असेल तर फासा टाकूच नये; टाकला तर सर्वांसमोर टाकावा आणि पडेल ते दान मानावे.

पुस्तक पुरते न वाचता पहिल्याच आठवड्यात नियम बदलायला निघणाऱ्यांची घाई मला समजत नाही. वीस बाजूंच्या एका फाशाऐवजी सहा बाजूंचे दोन फासे घ्यायचे आणि दानात मिळवायचे बोनस गुण मात्र तेच ठेवायचे, ही त्यातली नेहमीची चूक. वीस बाजूंच्या फाशावर एका गुणाची भर साधारणपणे ५ टक्क्यांची असते. दोन फाशांवर ७ किंवा अधिक येण्याची शक्यता ३६ पैकी २१ असते आणि एक गुण वाढवला की ती ३६ पैकी २६ होते. म्हणजे तोच एक गुण तिथे जवळजवळ १४ टक्क्यांचा ठरतो. आधी छापील नियमांनी पाच-सहा सेशन खेळावीत आणि मग नियमांना हात लावावा.

कथेचा शेवट आधी लिहून ठेवू नका. खलनायकाला काय हवे आहे आणि त्याला कोणी अडवले नाही तर तो काय करील, एवढे लिहिलेले पुरते. कोणते विषय टेबलावर नकोत, हे पात्रे तयार करण्याआधीच सर्वांना विचारा.

स्वतः रचलेल्या खेळाची चाचणी स्वतःच चालवू नका, कारण कागदावर नसलेले नियम तुम्ही नकळत तोंडाने पुरवत राहता. लिहिलेली पाने दुसऱ्याच्या हाती द्या, त्याला खेळ चालवू द्या आणि वही घेऊन शेजारी गप्प बसा. वाचता वाचता तो जिथे थांबून तुमच्या तोंडाकडे पाहील, ते वाक्य त्याच रात्री नव्याने लिहा.