पोट दुखतंय? आधी बोट ठेवून जागा दाखवा

पोटात कळ आली की घरात ओवा, हिंग, खायचा सोडा असं सगळं बाहेर निघतं. गॅस असेल तर त्यानं बरं वाटतंही. पण अपेंडिक्सचं दुखणंसुद्धा सुरुवातीला गॅससारखंच वाटतं, म्हणून तोंडात काही टाकण्याआधी थोडी चौकशी करा.

१. जागा शोधा. दुखणाऱ्याला एका बोटानं नेमकी जागा दाखवायला सांगा. छातीच्या खाली मधोमध जळजळ होत असेल तर बहुतेक वेळा ॲसिडिटी असते. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती उजव्या खांद्याकडे जात असेल, तर पित्ताशयात खडे असू शकतात. मुतखड्याची कळ कुशीतून जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी स्वस्थ बसू देत नाही.

अपेंडिक्सचं दुखणं मात्र जागा बदलतं. आधी बेंबीभोवती, मग काही तासांत उजवीकडे खाली. भूक मरते, मळमळतं, खोकलं तरी दुखतं. नेमक्या याच वेळी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेतलं जातं किंवा एरंडेल पाजलं जातं. दोन्ही करू नका. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं तर पू पोटभर पसरतो आणि जिवावर बेततं. तान्ह्या बाळाच्या पोटावर बिब्बा लावणं किंवा डाग देणं तर सरळसरळ इजा करणं आहे, मग ते कितीही जुन्या माणसानं सांगितलेलं असो.

२. मागचे दोन दिवस आठवा. शौचाला कधी झालं होतं? बाहेरचं काही खाल्लं का? दूध प्यायलं की दर वेळी पोट फुगतं का? गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू आहे का? या गोळ्यांनी जठरात जखम होऊ शकते, आणि घरातल्या वयस्कर माणसांना ‘ती तर गुडघ्याची गोळी’ म्हणून ती सांगायचीच राहते. बाईची पाळी चुकली असेल आणि ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, तर गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता असते. तिथे वाट पाहू नका.

३. दुखणं सौम्य असेल तर पोटाला विश्रांती द्या. पाणी घोट घोट प्या. जुलाब होत असतील तर ओआरएसचं पाकीट आणा. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मनानं पेनकिलर नको.

४. पुढचं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा: पोट लाकडासारखं कडक, शौच काळं किंवा रक्ताचं, उलटीत रक्त, दुखण्याबरोबर ताप, पोट फुगून गॅसही सरत नाही. मधुमेही किंवा उतारवयातल्या माणसाला वरच्या पोटात दुखून घाम फुटला, दम लागला तर ते हृदयविकाराचंही असू शकतं. महाराष्ट्रात १०८ला फोन करा, सोड्याची बाटली उघडत बसू नका.

निघताना चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या आणि शेवटचं कधी खाल्लं-प्यायलं ते लक्षात ठेवा. ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर हे हमखास विचारतात.