उतारावरची हाफ मॅरेथॉन: यवतेश्वर घाटात मांड्या तयार करा, मगच पीबीचा हिशेब मांडा

उतार आहे म्हणजे वेळ आपोआप कमी होणार, हा हिशेब दहा-बारा किलोमीटरपर्यंत जुळतो. पुढे मांड्या बोलायला लागतात. उताराच्या हाफमध्ये, म्हणजे २१.१ किलोमीटरच्या शर्यतीत, दम क्वचितच कमी पडतो, संपतात ते मांडीचे पुढचे स्नायू. आणि ते संपतात नेमके घाट उतरून गावात सपाटीला लागल्यावर, जिथे पीबी (पर्सनल बेस्ट, म्हणजे स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ) ठरते.

कारण सरळ आहे. उतारावर प्रत्येक पावलाला शरीर खाली येतं आणि मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला ते वजन अडवावं लागतं. अशा ताणात स्नायूतंतूंना बारीक इजा होते. ती धावताना फारशी कळत नाही, कारण नाडी कमी असते आणि श्वास मोकळा असतो. घड्याळावरची हृदयगती बघून ‘अजून जोर लावता येईल’ असं वाटतं, ते साफ चुकीचं असतं. चांगली गोष्ट अशी की हाच स्नायू एका-दोन उताराच्या सरावानंतर पुढच्या वेळी बराच कमी दुखतो, आणि ही तयारी काही आठवडे टिकते. सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती करायचं.

किती फायदा धरायचा?

ढोबळ नियम असा: १ टक्का चढाला किलोमीटरमागे ७ ते ९ सेकंद जातात, १ टक्का उताराला ५ सेकंदांच्या आसपासच परत मिळतात. म्हणून जाऊन-येऊन घाटाचा मार्ग असेल तर येतानाचा उतार जातानाचा चढ कधीच भरून काढत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आधी यवतेश्वर घाट चढायचा आणि मग उतरायचा असतो. तिथली वेळ सपाटीवरच्या वेळेशी लावू नका, तिथल्याच मागच्या वर्षीच्या वेळेशी लावा.

निव्वळ उताराचा विचार करायचा तर कास ते सातारा हा रस्ता अभ्यासाला उत्तम. कास पठार समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर, सातारा शहर सातशे-साडेसातशेवर. म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास उतरण. २१ किलोमीटरांवर पसरली तर सरासरी २ टक्के, कागदावर साडेतीन मिनिटांचा फायदा. पण ही उतरण सारखी वाटलेली नाही. कासकडून यवतेश्वरपर्यंत रस्ता डोंगराच्या माथ्यावरून वर-खाली करत येतो, डावीकडे कण्हेर धरणाचं पाणी, उजवीकडे उरमोडी धरणाचं. खरी उतरण यवतेश्वर घाटात एकदम येते, आणि समर्थ मंदिरापासून पुढे गावातला रस्ता. त्यामुळे साडेतीनऐवजी तीन मिनिटं धरा. त्यापेक्षा जास्त मिळाली तर ती त्या दिवसाची कमाई.

दहा आठवड्यांचा सराव

सुरुवात करण्याआधी आठवड्याला ३५ ते ४० किलोमीटर धावणं अंगवळणी पडलेलं असावं आणि १५ किलोमीटर न थांबता सहज जावेत. तेवढं नसेल तर आधी ते करा, घाट कुठे जात नाही.

पहिले दोन आठवडे ३-४ टक्क्यांच्या हलक्या उतारावर एकेका मिनिटाच्या ६ फेऱ्या, परत वर चालत. वेग नेहमीच्या सोप्या धावण्याइतकाच. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कुरकुरतील, ते अपेक्षितच आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ८०० मीटरच्या ४ फेऱ्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यात घाटात दीड ते दोन किलोमीटरच्या ३ फेऱ्या, हाफच्या शर्यतीत लावाल तेवढ्याच नेटाने. असा सराव आठवड्यातून एकदाच, आणि त्याच्या आधीचा व नंतरचा दिवस हलका. दोनदा करून पाहायचा मोह होतो, पण स्नायू भरून यायला वेळ लागतो आणि नडगी किंवा गुडघा धरला तर तीन आठवडे वाया जातात.

सगळ्यात मोलाचा सराव सातव्या आणि आठव्या आठवड्यातला: १६ ते १८ किलोमीटरची लाँग रन, तिचे मधले ६-७ किलोमीटर घाटाचे आणि शेवटचे ३ सपाटीवर ठरवलेल्या पेसने (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ). हे ३ किलोमीटर गाळून घरी जाणारे अनेक आहेत, आणि शर्यतीत नेमके तिथेच त्यांचे पाय अडकतात. जोराचा शेवटचा उतार शर्यतीच्या १२ ते १४ दिवस आधी. त्यानंतर घाटाकडे फिरकायचं नाही.

जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम. सातारा-सांगलीकडे तालमीतल्या बैठका कुणाला शिकवाव्या लागत नाहीत, फक्त इथे त्या सावकाश मारायच्या: खाली जाताना मनात चार अंक मोजा, वर झटकन या. १५ च्या ३ आवर्तनांनी सुरुवात करा. मग जिन्याच्या एका पायरीवर, साधारण १५-२० सेंटीमीटर उंच, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच अलगद जमिनीला लावायची आणि वर यायचं. प्रत्येक पायाला १० वेळा, ३ आवर्तनं. गुडघा आत झुकत असेल तर आरशासमोर करा आणि तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. शेवटी पोटरीसाठी पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली सोडणं, १२ वेळा.

सांगली-मिरजेच्या सपाट भागातल्या धावपटूंनी दर आठवड्याला साताऱ्याला यायची गरज नाही. दंडोबाच्या डोंगराकडचा उतार मधल्या आठवड्यांना चालतो. सातव्या-आठव्या आठवड्यातल्या लाँग रन मात्र खऱ्या घाटात करा.

सराव पहाट फटफटल्यावर, शक्यतो कामाच्या दिवशी. ऑगस्ट ते ऑक्टोबर या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी कास रस्ता भरून जातो. गडद कपडे नकोत, कानात इअरफोन नको, समोरून येणारी गाडी दिसेल अशी रस्त्याची उजवी बाजू धरा, आणि आंधळ्या वळणावर फेरीचा वेग मोडला तरी चालेल. जोराच्या पावसात किंवा त्यानंतर लगेच घाटात जाऊ नका, दरडीचे दगड रस्त्यावर येतात. आणि पठारावर पाऊल टाकू नका. ते २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेरडा आणि सोनकी रस्त्याच्या कडेलाही भरपूर दिसतात, धावता धावता डोळे भरून पाहा.

पाऊल कसं टाकायचं

घाबरलेला माणूस उतारावर मागे रेलतो आणि टाच पुढे टाकतो. तोच ब्रेक, आणि त्याची किंमत मांडी मोजते. अंग घोट्यापासून किंचित पुढे, कमरेतून वाकणं नाही. पावलं लहान आणि झटपट: सपाटीवर मिनिटाला १७० पडत असतील तर उतारावर १७८-१८० पडू द्या. पाऊल शरीराच्या खालीच टेकलं पाहिजे. हात जरा बाहेर, तोल राहतो. नजर पायाशी नको, १०-१५ मीटर पुढे.

तंत्र बिघडलंय का, हे कानाने ओळखता येतं. बूट रस्त्यावर ‘थाप-थाप’ वाजायला लागले की पाऊल पुढे पडतंय किंवा वेग झेपत नाही. पावलं आणखी लहान करा. तरी आवाज गेला नाही तर वेग कमी करा, त्या किलोमीटरमधले पाच सेकंद सोडून द्या.

नागमोडी वळणाच्या आतल्या कडेला उतार सगळ्यात खडा असतो, आणि खडी-माती तिथेच साठते. मोजणीच्या दृष्टीने आतली रेषा जवळची, कारण मार्ग सर्वात कमी अंतराच्या रेषेने मोजतात. पण घाटातल्या वळणावर एक-दीड मीटर बाहेरून गेलेलं बरं. अंतर सरळ भागात वाचवा: एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत तिरकी रेषा धरा, अर्थात शर्यतीसाठी रस्ता बंद असेल तरच. एकाच बाजूच्या कलत्या कडेने सतत धावलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, म्हणून बाजू बदलत राहा. ओले पांढरे पट्टे, गतिरोधकांच्या रंगाच्या पट्ट्या आणि शेवाळलेली कड यांवर पाय नको.

बूट आणि नखं

उतारावर पाय बुटात पुढे सरकतो. पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नाडी बांधताना सर्वात वरचं जादा भोक वापरा: त्याच बाजूच्या भोकात नाडी घालून छोटा फास करा, समोरची नाडी त्यातून ओढा, मग गाठ मारा. टाच जागेवर पक्की बसते आणि अंगठ्याचं नख काळं पडत नाही. नखं तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. नवे बूट शर्यतीत नकोतच. आणि तळ झिजलेले असतील तर ओल्या घाटात ते धोक्याचे.

शर्यतीच्या दिवशी

सुरुवात वर असेल तर तिथे धुकं आणि वारा धरून चाला. वर नेऊन सोडल्यावर बराच वेळ थांबावं लागतं. जुना स्वेटर किंवा प्लॅस्टिकचा रेनकोट अंगावर ठेवा. सुरुवातीच्या आधी दहा मिनिटं हलकं धावा, थंड पोटऱ्यांनी उतार घेतला की पोटरी ओढली जाते. खाणं अडीच तास आधी: केळं, ब्रेड-जॅम, थोडा गूळ. तेलकट पोहे नकोत, उतारावर हादऱ्याने ते वर येतात आणि कुशीत कळ भरते. काखेत आणि मांड्यांत व्हॅसलीन.

आता पेस. समजा सपाटीवरची पीबी १:५८:०० आहे, म्हणजे किलोमीटरला ५:३६. ध्येय १:५५. कास रस्त्यासारख्या मार्गावर वाटणी अशी करा. पहिले ३ किलोमीटर ५:४० ने, १७ मिनिटं. लोक पुढे पळतील, पळू द्या. पुढचे ८ किलोमीटर ५:३० ने, चढ आला तर नेट तोच ठेवा, वेग जाऊ द्या. ११ व्या किलोमीटरला घड्याळ १:०१:०० दाखवेल. मग घाटाचे ६ किलोमीटर ५:०५ ने, १७ व्याला १:३१:३०. शेवटचे ४.१ किलोमीटर ५:३५ ने, एकूण १:५४:२३. उरलेले सदतीस सेकंद पाण्याच्या टेबलांसाठी आणि गर्दीसाठी. घाटात ४:४५ सहज निघतो, पण त्यातून मिळालेली दोन मिनिटं शेवटच्या चार किलोमीटरमध्ये व्याजासकट जातात.

घड्याळावर भरवसा ठेवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. वळणांमुळे आणि डोंगराच्या आडोशामुळे त्यावर अंतर २१.३ किलोमीटरपर्यंत भरू शकतं. तसं धरलं तर १:५५ साठी घड्याळावर सरासरी ५:२७ नाही, ५:२४ दिसली पाहिजे. आणि घाटात क्षणाक्षणाचा पेस उड्या मारतो, म्हणून किलोमीटरच्या फलकांवर एकूण वेळ पाहा.

ताकदीसाठी गोड एनर्जी जेल घेत असाल तर पहिलं ४० मिनिटांनी, दुसरं घाट सुरू होण्याआधी, पाण्यासोबत. घाटात गिळताना श्वास आणि पाऊल दोन्ही चुकतं.

घाट संपून सपाटी लागली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात. वेग कमी झालाय म्हणून घाबरून लांब ढांगा टाकू नका. पहिले ३०० मीटर घड्याळ बघायचं नाही, गुडघे जरा उचलायचे, पावलं झटपट ठेवायची, हात जोरात हलवायचे. लय परत येते.

नंतर

दुखणं त्याच दिवशी थोडं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तीत जास्त. चाला, सायकल चालवा, पोटभर जेवा. कडक मालिश पहिले दोन दिवस नको. धावण्याआधी किंवा धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली किंवा मांड्या सुजून कडक झाल्या तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

वेळ वहीत लिहिताना उताराची पीबी आणि सपाटीची पीबी असे दोन रकाने करा. विक्रमासाठी वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या नियमात एकूण उतरण किलोमीटरला सरासरी १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे हाफला २१ मीटर. शिवाय सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ रेषेतलं अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको. साडेचारशे मीटरची उतरण यात बसत नाही. दुसऱ्या शर्यतीला पात्रतेसाठी उतारावरची ही वेळ दाखवणार असाल तर त्या शर्यतीचे नियम आधी वाचा. पुढचा जोराचा उतार किमान तीन आठवड्यांनी, तोही पुन्हा एकेका मिनिटाच्या फेऱ्यांपासून.