हिरवं झाड उभ्या उभ्या सुकतं तेव्हा

टोमॅटोची झाडं फुलावर असताना माना टाकू लागली. पानं पिवळी पडलेली नाहीत, जमिनीत ओल भरपूर, तरी झाड मलूल. बुरशीनाशकाची आळवणी करण्याआधी एक साधी चाचणी केली. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात लटकता धरला. काही मिनिटांतच कापावरून दुधाळ धागे खाली उतरू लागले. म्हणजे ही राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूमुळे येणारी मर, बुरशीची नव्हे. इथे बुरशीनाशक ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

लागलेलं झाड वाचत नाही. अशी झाडं मुळासकट, भोवतालच्या मातीसह उपटून जाळली. पाटपाणी बंद करून ठिबक घेतलं, कारण पाण्याबरोबर रोग पुढच्या सरीत जातो. मुळांना इजा नको म्हणून खुरपणीही थांबवली.

पुढच्या हंगामात तिथे मका घेतला. नंतर टोमॅटो लावताना गादीवाफे उंच केले, चांगल्या कुजलेल्या शेणखतात स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हे उपयोगी जिवाणू मिसळून ओलसर सावलीत मुरवलं आणि वाफ्यात दिलं. रोपांची मुळं त्याच्याच लिटरला १० ग्रॅमच्या द्रावणात अर्धा तास बुडवली. हे जिवाणू मुळाभोवती आधी ठाण मांडतात, त्यामुळे रोगाला जागा कमी मिळते. पण रोग घुसल्यावर ते फारसं काही करू शकत नाहीत. ताम्रयुक्त औषध किंवा ब्लीचिंग पावडर सोबत दिली तर तेच मरतात!

मर पूर्ण गेली नाही, सखल कोपऱ्यात अजून दिसते. तिथे आता रानवांग्याच्या खुंटावरची कलमी रोपं लावतो.